न्याहारी, पिष्टमय पदार्थ आणि वजन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

न्याहारीविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. त्याला प्रतिसाद म्हणून आलेल्या बहुतेक पत्रांत एकच शंका निरनिराळ्या शब्दांत विचारलेली आहे : वजन आटोक्यात ठेवायचे असेल तर पोहे, उपमा, भाकरी सोडूनच द्यायची का? नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडून त्यांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय ४४ वर्षे, उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ६८ किलो आहे. सकाळी आठच्या सुमारास मी बशीभर कांदेपोहे आणि चहा एवढेच घेते. तळलेले काही खात नाही, तरीही अकरा वाजता कडकडून भूक लागते आणि बिस्किटे किंवा चिवडा खाल्ला जातो. पोहे बंद केले तर वजन उतरेल का?
— एक गृहिणी, सिडको, नाशिक

उत्तर : पोहे बंद करण्याची गरज नाही, मात्र बशीतला त्यांचा वाटा कमी करून उरलेल्या जागेत दुसरे काहीतरी आणावे लागेल. शंभर ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे ७७ ग्रॅम पिष्टमय पदार्थ (कार्बोहायड्रेट), सात ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि जेमतेम साडेतीन ग्रॅम तंतू (चोथा) असतात. शिगोशीग भरलेल्या एका बशीसाठी साधारण ८० ग्रॅम कोरडे पोहे लागतात, म्हणजे साठ ग्रॅमहून अधिक पिष्ट एकाच वेळी पोटात जाते. त्यात चहातल्या दोन चमचे साखरेचे दहा ग्रॅम मिळवले की हा आकडा सत्तरच्या पुढे जातो, आणि त्याच्या जोडीला प्रथिने मात्र सहा-सात ग्रॅमच मिळतात. पोहे आधीच शिजवून चपटे केलेले असल्यामुळे आणि त्यांत चोथा कमी असल्यामुळे ते लवकर पचतात, रक्तातील साखर झपाट्याने वाढते, तिला आवरण्यासाठी इन्सुलिन अधिक प्रमाणात स्रवते आणि दोन-अडीच तासांत साखर पुन्हा खाली येते. आपल्याला अकरा वाजता लागणारी भूक हा मनाचा कमकुवतपणा नसून अशा न्याहारीचा स्वाभाविक परिणाम आहे, हे आधी समजून घ्यावे, कारण अनेक भगिनी या भुकेबद्दल स्वतःलाच दोष देत राहतात.

वजन वाढते ते एकट्या पोह्यांनी नव्हे. दिवसभरात खर्चापेक्षा जास्त उष्मांक शरीरात गेले की त्यांचा साठा मेदाच्या रूपाने होतो, मग ते पोह्यांतून आलेले असोत, तेलातून आलेले असोत की अकराच्या चिवड्यातून. तरीही पिष्टाकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतूनच येते, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत दिसून आले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपलीकडे जाऊ नये. दिवसाला दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी या संस्थेने सुचवलेल्या ताटात २५० ग्रॅम तृणधान्ये, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस आणि ४०० ग्रॅम भाज्या आहेत. आपल्या बशीतले ८० ग्रॅम पोहे हा या २५० ग्रॅमचा जवळजवळ एक तृतीयांश भाग आहे. वजन उतरवायचे असेल तर दिवसाचे उष्मांक दोन हजारांहून कमीच ठेवावे लागतात, त्यामुळे दोन वेळच्या पोळ्या आणि भात यांसाठी फार थोडी जागा उरते.

आता करायचे काय ते सांगतो. कोरडे पोहे एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून ४० ग्रॅम घ्यावेत आणि ते कोणत्या वाटीत किती भरतात हे लक्षात ठेवावे, म्हणजे रोज मोजण्याची गरज पडणार नाही. तेवढ्याच आकारमानाचा कांदा, मटार, गाजर, फरसबी किंवा बारीक चिरलेली कोबी त्यांत घालावी, बटाटा वगळावा, शेंगदाणे मूठभर असू द्यावेत आणि फोडणीचे तेल माणशी एक चहाचा चमचा इतपत ठेवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या पोह्यांच्या आधी किंवा त्यांच्यासोबत वाटीभर मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची उसळ, अथवा दोन उकडलेली अंडी घ्यावीत. तीस ग्रॅम कोरड्या मटकीतून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, तेवढीच एका अंड्यातून मिळतात, आणि शेंगदाणे व वाटीभर दही धरले तर न्याहारीतली प्रथिने पंधरा ते वीस ग्रॅमपर्यंत सहज पोहोचतात. भाजी आणि प्रथिने आधी खाऊन पिष्टमय पदार्थ नंतर खाल्ले तर जेवणानंतर वाढणारी साखर कमी वाढते, हे प्रयोगांत आढळले आहे. म्हणून उसळ आधी आणि पोहे नंतर हा क्रम पाळून पाहावा.

चहाबद्दलही लिहिणे आवश्यक आहे. दिवसाला वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असावी, असे वर उल्लेखिलेल्या सूचनांत म्हटले आहे, आणि दोन-दोन चमचे साखरेच्या तीन कपांतच ही मर्यादा ओलांडली जाते. एकदम बंद करणे जमत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावा. जिभेला सवय होते. आपल्या उंचीला भारतीय निकषांनुसार ५५ किलोच्या आसपासपर्यंतचे वजन योग्य आणि साठच्या पुढचे वजन स्थूलतेत मोडणारे मानले जाते, परंतु थेट ५५ किलोचे ध्येय डोळ्यांसमोर ठेवू नये. पहिले तीन-चार किलो उतरले तरी रक्तदाब, साखर आणि चरबी यांत फरक दिसू लागतो. कंबरेचा घेर मात्र महिन्यातून एकदा मोजावा. स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा आहे.

प्रश्न : दर रविवारी सकाळी आम्ही कुटुंबासह गंगापूर रोडकडे मिसळ खायला जातो. आठवडाभर पथ्य पाळतो, तेव्हा एका दिवसाने काय बिघडते? की मिसळ पूर्णपणे वर्ज्य करावी?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : मिसळीचा मूळ भाग असलेली मटकीची उसळ ही अतिशय चांगली न्याहारी आहे, आणि ती खाण्यासाठी कुटुंब एकत्र बाहेर पडत असेल तर त्यात वर्ज्य करण्यासारखे काहीच नाही. हिशेब बिघडतो तो तिच्याभोवतीच्या गोष्टींनी. लादीच्या एका पावात अठरा ते वीस ग्रॅम पिष्ट असते आणि रस्सा पुनःपुन्हा मागवला की चौथा पाव कधी संपला हे कळतही नाही. फरसाण आणि शेव मूठभर घेतली तरी तिचे दीडशे-दोनशे उष्मांक होतात. तर्रीतले तेल वेगळेच, आणि शेवटी जिलेबी आली की पावाइतकेच पिष्ट पुन्हा पोटात जाते. वाढणाऱ्याला आधीच सांगून फरसाण निम्मे आणि उसळ जास्त घ्यावी, तर्री वरून न घेता साधा रस्सा घ्यावा, दही आणि कांदा हवा तेवढा घ्यावा आणि पाव दोनवर थांबवावेत. जिलेबी चौघांत एक प्लेट घेतली तर चव सगळ्यांना मिळते. त्या दिवशी दुपारचे जेवण भूक लागल्याशिवाय करू नये. आपल्याकडे मिसळ अकरा वाजता होते आणि तरीही एक वाजता वरणभाताचे ताट मांडले जाते. ही दुसरी सवय मला मिसळीपेक्षा अधिक घातक वाटते.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. व्यायामशाळेतील मित्रांच्या सांगण्यावरून पोळी, भात, फळे सगळे बंद केले. पहिल्या दोन आठवड्यांत चार किलो वजन उतरले, पण आता काटा हलत नाही, डोके दुखते आणि बद्धकोष्ठताही झाली आहे. आणखी कडक करावे का?
— एक विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : आणखी कडक करू नये. आपले यकृत आणि स्नायू पिष्टाचा काही साठा ग्लायकोजेनच्या रूपाने बाळगून असतात आणि या साठ्यातील प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. पिष्ट अचानक बंद केले की हा साठा संपतो, त्याबरोबरचे पाणी मूत्रावाटे निघून जाते आणि काटा झरझर खाली येतो. आपल्या चार किलोंतील बराच मोठा भाग हे पाणी होते. मेद इतक्या वेगाने वितळत नाही. पाण्यासोबत मीठही जाते, म्हणून डोके दुखते, आणि धान्य, फळे व कडधान्ये एकदमच बंद झाल्याने चोथा संपून पोट साफ होईनासे होते.

कमी पिष्टाचा आहार सर्वथा निरुपयोगी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ प्रौढांवर वर्षभर झालेल्या एका चाचणीत एका गटाला कमी स्निग्धांशाचा आणि दुसऱ्याला कमी पिष्टाचा आहार दिला होता. दोन्ही गटांना भाज्या भरपूर खाण्यास आणि मैदा-साखर टाळण्यास सांगितले होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्याचे ६ किलो उतरले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य होता. एकाच गटातील कोणाचे वजन खूप उतरले, तर कोणाचे वाढलेही. यावरून मी एवढेच घेतो की जो आहार माणूस वर्षभर टिकवू शकतो तोच त्याच्या उपयोगाचा आहे, आणि ज्या घरात रोज भाकरी-पोळी होते त्या घरातल्या तरुणाने ताटावर बसून धान्याचा कणही न खाणे वर्षभर टिकत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रौढांसाठी दिवसाला १३० ग्रॅम पिष्टमय पदार्थांची शिफारस केली आहे, कारण मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज हेच आहे. आपण सकाळी व्यायामानंतर तीन अंडी किंवा पनीर आणि भरपूर भाजी यांसोबत एक ज्वारीची भाकरी घ्यावी, एखादे पेरू किंवा संत्रे खावे, आणि काट्याऐवजी कंबरेचा घेर व व्यायामातील ताकद पाहावी. सुरुवातीला वजन किलोभर वाढलेले दिसेल. ते परत आलेले पाणी आहे, घाबरू नये. आठवड्याला अर्धा किलो हा वेग पुरेसा आहे.

प्रश्न : सातपूरच्या कारखान्यात माझी पहिली पाळी सात वाजता सुरू होते. साडेपाचला उठून काही खाववत नाही, मग नऊच्या सुट्टीत उपाहारगृहातला वडापाव किंवा समोसा होतो. न्याहारी चुकवली तर वजन वाढते, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?
— एक कामगार, सातपूर

उत्तर : हा समज जुना आहे, पण तो तपासणीत टिकलेला नाही. तेरा नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात न्याहारी करणाऱ्यांचे दिवसाचे उष्मांक न करणाऱ्यांपेक्षा सरासरी २६० ने जास्त आढळले आणि न्याहारी न करणाऱ्यांचे वजन किंचित कमीच होते. तेव्हा साडेपाचला भूक नसताना घास कोंबण्याचे कारण नाही. आपली खरी न्याहारी नऊ वाजताची आहे आणि तिची सोय घरून करावी. रात्री केलेल्या दोन भाकऱ्या किंवा पोळ्या, कोरडी उसळ किंवा घट्ट पिठले, सोबत कांदा-काकडी एवढा डबा टिकतो आणि गार खाल्ला तरी चालतो. उन्हाळ्यात उसळीऐवजी भाजलेले फुटाणे आणि उकडलेली अंडी न्यावीत. रात्रपाळी असेल त्या आठवड्यात मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी करावे आणि मध्यरात्रीनंतर ताक, फुटाणे यांपलीकडे फारसे काही घेऊ नये, कारण तेच जेवण रात्री घेतले तर शरीराला त्यातली साखर दिवसाइतकी नीट हाताळता येत नाही. पहाटे घरी आल्यावर हलके खाऊन झोपावे. वडापाव पंधरवड्यातून एकदा खावा, रोज नको.

प्रश्न : मुलाने वजन कमी करण्यासाठी ओट्सचे पुडे आणले आहेत. सुरगाण्याकडची नागली (नाचणी) आमच्याकडे नेहमी येते. दोहोंत चांगले काय? नागलीने साखर वाढत नाही, असेही सांगतात.
— एक आजी, पंचवटी

उत्तर : आजी, घरी येणारी नागली सोडून ओट्स विकत आणण्याची गरज नाही. नागलीत पिष्ट गहू-ज्वारीइतकेच, शंभर ग्रॅमला ६७ ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणून तिने साखर वाढत नाही हे म्हणणे बरोबर नाही. परंतु तिच्यात अकरा ग्रॅम तंतू आणि साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात कॅल्शियम आहे, आणि एवढे कॅल्शियम दुसऱ्या कोणत्याही नेहमीच्या धान्यात नाही. नागलीचे काय करून खाता यावर बरेच अवलंबून आहे. बारीक दळलेल्या पिठाची पातळ आंबील गूळ घालून प्यायली तर साखर लवकर चढते; त्याच पिठाची भाकरी भाजी आणि लसणाच्या चटणीसोबत चावून खाल्ली तर सावकाश चढते. ओट्समधला विरघळणारा तंतू कोलेस्टेरॉल कमी करण्यास मदत करतो, तेव्हा मुलाने ते आठवड्यातून दोनदा खाल्ले तर हरकत नाही, मात्र साधे जाड ओट्स घ्यावेत. मसाल्याची पुडी घातलेल्या झटपट प्रकारांत मीठ फार असते. नागलीच्या भाकरीत प्रथिने थोडी आहेत, म्हणून सोबत दूध, दही किंवा उसळ हवीच.

प्रश्न : श्रावणातल्या सोमवारी आणि एकादशीला सकाळी साबुदाण्याची खिचडी होते. उपवास असूनही वजन वाढते, असे का?
— एक भगिनी, त्र्यंबकेश्वर

उत्तर : साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिने शंभर ग्रॅमला एक ग्रॅमही नसतात. त्यावर तूप, बटाटा, साखर आणि दाण्याचे कूट पडले की खिचडीची एक बशी जेवणाएवढी होते, आणि ती खाऊनही तीन तासांत पुन्हा काहीतरी हवेसे वाटते. भगर आणि शेंगदाण्याची आमटी हा आपल्या भागातला जुना बेत कितीतरी चांगला आहे. भगर माणशी अर्धी वाटी कोरडी पुरते. राजगिऱ्याच्या पिठाचे थालीपीठ दह्यासोबत, किंवा नुसते दूध आणि एक फळ हेही चालते. ज्यांना झेपते आणि ज्यांना कोणतीही औषधे चालू नाहीत, त्यांनी सकाळचे फराळ टाळून दुपारी एकदाच खाल्ले तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : माझ्या ६२ वर्षांच्या आईला मधुमेह आहे आणि ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. वजनही जास्त आहे. आपल्या स्तंभात वाचून तिने सकाळची पोळी बंद केली. परवा तिला घाम येऊन थरथर सुटली. आम्ही काय करावे?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : हे पत्र मी सर्वांना काळजीपूर्वक वाचण्याची विनंती करतो. आईला झालेला त्रास बहुधा रक्तातील साखर फार खाली गेल्याचा आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन ही औषधे माणसाने खाल्ले आहे की नाही हे न पाहता साखर खाली आणतात, म्हणून गोळी तीच ठेवून पिष्ट अचानक कमी करणे धोक्याचे आहे. आईने तूर्त पूर्वीप्रमाणे पोळी सुरू करावी, आणि शक्य तितक्या लवकर आपल्या डॉक्टरांना भेटून आहारातील बदल सांगावा. ते गोळीची मात्रा कमी करू शकतील, आणि मग पिष्ट टप्प्याटप्प्याने कमी करता येईल. पुन्हा घाम, थरथर, छातीत धडधड किंवा गोंधळल्यासारखे झाले तर यंत्रावर साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल किंवा यंत्र हाताशी नसेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज भासल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्यावे.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही पिष्ट जवळजवळ बंद करण्याचा प्रयोग स्वतःच्या मनाने कधीही करू नये. अशा वेळी यंत्रावर साखर फारशी वाढलेली दिसत नसतानाही रक्तात आम्लता वाढून प्रकृती गंभीर होऊ शकते. गर्भवती आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तींनाही या स्तंभातील प्रमाणे जशीच्या तशी लागू होत नाहीत.

प्रश्न : आमची निफाडला द्राक्षबाग आहे. हंगामात सकाळी न्याहारीऐवजी द्राक्षेच खातो. वजनासाठी हे चांगले ना?
— एक शेतकरी, निफाड

उत्तर : द्राक्षे खावीत, पण न्याहारीच्या जागी नव्हे. शंभर ग्रॅम द्राक्षांत सोळा-सतरा ग्रॅम साखर असते आणि बागेत उभ्या उभ्या अर्धा किलो द्राक्षे सहज संपतात, म्हणजे ऐंशी ग्रॅमहून अधिक साखर जाते आणि प्रथिने जवळपास नसतात. छाटणी-तोडणीच्या दिवसांत अंगमेहनत भरपूर असते, तेव्हा ती काही प्रमाणात खपून जाते. हंगाम संपला आणि सवय राहिली की वजन दिसू लागते. आधी भाकरी आणि उसळ किंवा अंडी खावीत, नंतर ओंजळभर द्राक्षे. रस काढून पिऊ नये, आणि बेदाणे तर मोजूनच खावेत, कारण पाणी निघून गेल्यामुळे त्यांच्या एका मुठीत द्राक्षांच्या चार मुठींची साखर असते.